दारावर टाचलेला कागद : घर जाण्यापूर्वी कळण्याचा हक्क

१/
साल १९७५. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुइव्हिल शहर. सरकारी गृहप्रकल्पातील एका सदनिकेपुढे शेरीफचा माणूस येऊन उभा राहतो व दार ठोठावतो. आतून उत्तर येत नाही. तो न्यायालयाचा एक कागद दारावर टाचतो आणि निघून जातो. कायद्याच्या लेखी समन्सची बजावणी येथे पूर्ण झाली. ज्याच्या नावाने तो कागद निघाला, त्याच्या दृष्टीला तो कधी पडला की नाही, हा प्रश्न कायद्याने विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न पुढे तीन भाडेकरूंनी विचारला आणि सात वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला त्याचे उत्तर द्यावे लागले. 'ग्रीन विरुद्ध लिंड्से' या खटल्याचा हा इतिहास.

२/
प्रथम दाव्याचे स्वरूप पाहू. लुइव्हिलच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने या भाडेकरूंकडून सदनिकांचा ताबा परत मिळावा म्हणून दावे लावले होते. अशा दाव्याचे इंग्रजी कायद्यातील मूळ थेट १३८१ पर्यंत जाते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला आणि त्याच वर्षी बळजबरीने जमिनीत घुसण्याला बंदी घालणारा कायदा झाला. पुढे अमेरिकेतील राज्यांत या कल्पनेने वेगळेच रूप घेतले. घरमालकाने स्वतः धक्के मारून भाडेकरूला बाहेर काढू नये, न्यायालयात यावे. त्याबदली न्यायालय त्याला झटपट निकाल देईल, असा हा सौदा होता.

झटपट निकालासाठी तारीख लवकरची लागते. तारीख लवकरची असेल तर ती प्रतिवादीला वेळेत कळणे अधिकच महत्त्वाचे ठरते. नेमकी हीच कडी केंटकीत कच्ची राहिली होती.

३/
केंटकीच्या कायद्याने बजावणीच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या.

पहिली : भाडेकरू जागेवर भेटला तर कागद त्याच्या हाती द्यावा.
दुसरी : तो न भेटल्यास जागेवर असलेल्या, सोळा वर्षांवरील कुटुंबीयाला मजकूर समजावून सांगून प्रत द्यावी.
तिसरी : असे कोणीही न भेटल्यास प्रत जागेवरच ठळक ठिकाणी लावावी.

तिसऱ्या पायरीवर येण्यापूर्वी दुसऱ्यांदा फेरी मारावी, संध्याकाळी लोक घरी परतल्यावर यावे, किंवा एक प्रत टपालाने पाठवावी, असे कोणतेही बंधन नव्हते. दिवसा कामावर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर जाणे कर्मचाऱ्याला सहज शक्य होते. ते कायद्याच्या चौकटीतही बसत होते.

४/
या तीन भाडेकरूंचे म्हणणे असे की, दारावर लावलेले समन्स त्यांनी कधी पाहिलेच नाही. दाव्याची तारीख आली आणि गेली. ते हजर नव्हते, म्हणून निकाल एकतर्फी लागला. अपिलाची मुदतही संपली. त्यानंतर ताबा घेण्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा आपल्यावर दावा झाला होता हे त्यांना प्रथम कळले.

समन्स पोहोचले नाही. ताब्याचा हुकूम मात्र पोहोचला. खटल्याचे सारे मर्म या विसंगतीत आहे.

५/
एकतर्फी निकाल ही काय चीज आहे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. दिवाणी न्यायालयात दोन बाजू येतात आणि न्यायाधीश त्यांचे ऐकून निवाडा करतो. एक बाजू आलीच नाही, तर न्यायालय अनिश्चित काळ थांबून राहू शकत नाही. अन्यथा गैरहजर राहणे हीच सर्वांत सोपी पळवाट झाली असती. म्हणून गैरहजर प्रतिवादीविरुद्ध निकाल देण्याची मुभा असते.

तिचा नैतिक आधार एवढाच असतो : त्याला बोलावले होते, तो आला नाही. 'बोलावले होते' हे विधान खोटे ठरले, की वरची सगळी इमारत ढासळते. भाडे भरले होते की नव्हते, पावती होती की नव्हती, घर राहण्याजोगे होते की नव्हते, यांतले काहीही न्यायालयासमोर आलेले नसते. म्हणून समन्सची बजावणी सदोष होती हा आक्षेप दिसायला तांत्रिक असला, तरी उरलेल्या सर्व आक्षेपांचे दार तोच उघडतो.

६/
पण मग दारावर कागद लावणे इतकी वर्षे पुरेसे का मानले गेले? याच्या उत्तरासाठी आणखी शंभर वर्षे मागे, ऑरेगॉन राज्यात जावे लागते.

१८६५ मध्ये जॉन मिचेल नावाच्या वकिलाने आपल्या थकलेल्या फीसाठी मार्कस नेफ नावाच्या पक्षकारावर दावा लावला. रक्कम तीनशे डॉलरच्याही आतली होती. नेफ राज्याबाहेर होता. समन्स एका धार्मिक साप्ताहिकात छापले गेले. ते नेफने वाचण्याचा संभव नव्हता. १८६६ मध्ये एकतर्फी निकाल झाला आणि त्या निकालाच्या वसुलीसाठी नेफची सुमारे तीनशे एकर जमीन शेरीफने लिलावात काढली. ती मिचेलनेच घेतली आणि पुढे सिल्व्हेस्टर पेनॉयरच्या नावे केली. नेफ परतला तेव्हा जमिनीवर दुसराच मालक होता.

मिचेल पुढे सिनेटर झाला आणि पेनॉयर ऑरेगॉनचा गव्हर्नर. त्यांची नावे आज मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांना या एका खटल्यामुळे माहीत असतात.

७/
'पेनॉयर विरुद्ध नेफ' या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये दिला. नेफ जिंकला. परंतु त्यामागची कारणमीमांसा लक्षात घेण्याजोगी आहे. न्यायालयाचा भर नेफला कळले की नाही यावर नव्हता. राज्याची सत्ता कोठवर पोहोचते यावर होता. नेफ राज्यात नव्हता आणि त्याची जमीन दाव्याच्या आरंभीच जप्त केलेली नव्हती, म्हणून न्यायालयाला अधिकारच नव्हता, असा तो युक्तिवाद होता.

मग जमीन आधीच जप्त केली असती तर? तर चालले असते, असे न्यायमूर्ती फील्ड यांच्या विवेचनातून निघते. मालमत्ता नेहमी मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या ताब्यात असते. तिला हात लागला की मालकाला कळणारच, असे कायदा गृहीत धरतो.

दारावरच्या कागदाची जन्मकथा या गृहीतकात आहे. घर ज्याचे, तो घराकडे लक्ष ठेवणारच. दारावर लावलेले त्याला दिसणारच.

८/
या विचाराला पहिला मोठा धक्का १९५० मध्ये बसला, तोही एका बँकेच्या प्रकरणात. न्यूयॉर्कच्या एका बँकेने अनेक छोटे न्यास एकत्र करून त्यांचा सामाईक निधी चालवला होता. त्याच्या हिशेबांना न्यायालयाची मंजुरी घेताना लाभार्थींना सूचना म्हणून केवळ वर्तमानपत्रात जाहिरात दिली गेली. अनेक लाभार्थींचे पत्ते बँकेच्या दप्तरात होते.

'मुलेन विरुद्ध सेंट्रल हॅनोव्हर बँक' या खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी नवी कसोटी घालून दिली. न्यूरेम्बर्गच्या खटल्यात अमेरिकेच्या वतीने फिर्यादी पक्षाचे नेतृत्व करणारे जॅक्सन ते हेच. त्यांच्या मते सूचना हा देखावा असता कामा नये. समोरच्याला खरोखर कळावे अशी ज्याची इच्छा आहे, तो माणूस जो मार्ग निवडील, तो मार्ग निवडला पाहिजे. पत्ता माहीत असताना वर्तमानपत्रात जाहिरात देणे, ही कळवण्याची इच्छा नव्हे.

घराच्या दाराचा प्रश्न मात्र या निकालाने पुरता सोडवला नाही. मालमत्तेला हात लागला की मालक सावध होतो, या जुन्या समजुतीला त्यातही जागा उरलीच.

९/
याच सुमारास मोठ्या शहरांत वेगळाच रोग बळावत होता. १९६० आणि १९७० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये समन्स पोहोचवण्याचे काम करणारे खासगी लोक कागद पोहोचवतच नसत. तो फेकून देत आणि 'हाती दिला' असे खोटे शपथपत्र करत. मोबदला नगावर असल्याने न चढलेल्या जिन्याचेही पैसे मिळत. या प्रकाराला तिकडे 'गटार-बजावणी' असेच नाव पडले, कारण कागद गटारात जात असे. हप्त्यावर वस्तू घेणारे गरीब ग्राहक आणि भाडेकरू यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. १९७१ मध्ये 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध वाइजमन' खटल्यात अपील न्यायालयाने अशा प्रकरणातील फौजदारी शिक्षा कायम केली.

न्यूयॉर्कच्या न्यायालयांत बजावणीला आव्हान मिळाले तर स्वतंत्र सुनावणी होते. कागद पोहोचवणाऱ्याला साक्षीला उभे राहून कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हाती दिला हे सांगावे लागते. बजावणी सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर असते.

१०/
लुइव्हिलची अडचण याहून अवघड होती. न्यूयॉर्कचा माणूस खोटे बोलत होता, म्हणून त्याचे खोटे पकडता येत होते. लुइव्हिलचा कर्मचारी खरे तेच सांगत होता : दार ठोठावले, कोणी आले नाही, कागद लावला. त्याने कायद्याचे अक्षरशः पालन केले होते. तेव्हा आव्हान कर्मचाऱ्याला देऊन भागणार नव्हते. ते कायद्यालाच द्यावे लागणार होते.

भाडेकरूंनी संघराज्याच्या न्यायालयात शेरीफविरुद्ध दावा लावला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो १८७१ च्या नागरी हक्क कायद्याचा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने मांडलेल्या हिंसाचाराविरुद्ध राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात हा कायदा झाला होता. राज्याच्या अधिकाराचा वापर करून कोणी नागरिकाचा घटनात्मक हक्क हिरावला, तर त्याला न्यायालयात खेचण्याची सोय त्यात आहे. येथे तो हक्क चौदाव्या घटनादुरुस्तीचा होता : कायद्याच्या उचित प्रक्रियेशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावली जाऊ नये.

११/
जिल्हा न्यायालयात भाडेकरू हरले. अपील न्यायालयाने निकाल फिरवला. मग शेरीफ जोसेफ ग्रीन सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून खटल्याच्या नावात ग्रीन आधी येतात.

या प्रवासात निर्णायक ठरला तो खुद्द कागद लावणाऱ्यांचा जबाब. त्या वस्तीतील दारांवर लावलेल्या नोटिसा मुले किंवा इतर रहिवासी काढून टाकतात आणि असे क्वचित घडते असे नाही, हे त्यांनी मान्य केले होते. मुलांचे हात पोहोचू नयेत म्हणून कागद दारावर उंच लावण्याचा प्रयत्न होत असे, हेही पुढे आले.

ज्याला कागद टिकण्याची खात्री असते, तो असा उंच जागा शोधत नाही. ही पद्धत भरवशाची नाही, हे ती राबवणाऱ्यांनाच सर्वांच्या आधी ठाऊक होते.

१२/
१७ मे १९८२ रोजी निकाल लागला : सहा विरुद्ध तीन, भाडेकरूंच्या बाजूने. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचे होते.

शेरीफच्या बाजूने जुना युक्तिवाद आला होता, की हा दावा मुळात जागेविषयी आहे, म्हणून जागेवर लावलेली सूचना पुरेशी आहे. ब्रेनन यांनी तो स्वीकारला नाही. दाव्याला नाव कोणतेही द्या, माणसाचे राहते घर जाणार असेल तर त्याला कळवण्याचा मार्ग वाजवी असलाच पाहिजे, असा त्यांचा रोख होता. घरावर लावलेला कागद अनेकदा पुरेसा ठरेल हे त्यांनी मान्य केले. परंतु ज्या वस्तीत तो कागद टिकत नाही हे ज्ञात आहे, तेथे तोच एकमेव मार्ग ठेवणे अवाजवी आहे. पहिल्या खेपेला माणूस घरी सापडला नाही, एवढ्यावरून त्याला घराची पर्वा उरली नाही असेही ठरत नाही.

उपाय अगदी साधा होता : टपाल. दारावर कागद लावा आणि सोबत एक प्रत टपालाने पाठवा. न्यूयॉर्कसह काही राज्यांच्या कायद्यांत ही जोड आधीपासूनच होती. पोस्टाच्या तिकिटाचा खर्च आणि एका घराचे मोल यांत तुलना होऊ शकत नव्हती.

१३/
भिन्नमत न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. सर्वोच्च न्यायालयातील त्या पहिल्या महिला न्यायाधीश; नियुक्ती होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. मुख्य न्यायाधीश बर्गर आणि न्यायमूर्ती रेन्क्विस्ट त्यांच्याशी सहमत होते.

त्यांचा आक्षेप वजनदार होता. दारावरचे कागद जेथे फाडले जातात, तेथे टपालपेट्या तरी सुरक्षित असतात कशावरून? दारावरच्या सूचनेपेक्षा टपाल अधिक भरवशाचे आहे, हे दाखवणारा पुरावा कोठे आहे? राज्याच्या विधिमंडळाने विचारपूर्वक ठरवलेली पद्धत न्यायाधीशांनी केवळ अंदाजाने का मोडावी?

यावर बहुमताचे उत्तर असे, की टपाल दारावरच्या कागदाच्या जागी येत नाही, त्याच्या जोडीला येते. एक वाट बंद पडली तर दुसरी उघडी राहावी. तरीही ओकॉनर यांचा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही. गरीब वस्तीत माणसापर्यंत खात्रीने पोहोचणारी कोणतीही एकच वाट नसते.

१४/
या निकालाने काय केले नाही, हेही पाहिले पाहिजे. दारावर कागद लावण्यास त्याने सरसकट बंदी घातली नाही. भाडे थकले असेल तर ते माफ केले नाही. घर भाडेकरूंचेच राहील असेही म्हटले नाही. बजावणीवरील आक्षेप जिंकला म्हणजे मूळ दावा जिंकला असे कोठेच नसते. दावा पुन्हा उभा राहू शकतो आणि त्यात हारही होऊ शकते.

मिळते ते एवढेच : निकालापूर्वी बोलण्याची संधी. ज्याच्याकडे पावती आहे तो ती दाखवू शकतो, ज्याला मुदत हवी आहे तो ती मागू शकतो, ज्याला वकील शोधायचा आहे त्याला दिवस मिळतात. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्यालाही सामान बांधण्यापुरता अवधी मिळतो.

१५/
आपल्याकडील दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तीही इंग्रजी परंपरेतूनच आलेली; त्यामुळे तिच्यातही हे दार आहेच. प्रतिवादी सापडला नाही, तर बेलीफ त्याच्या राहत्या घराच्या बाहेरच्या दारावर समन्सची प्रत चिकटवू शकतो. मात्र त्याआधी त्याने योग्य व वाजवी शोध घेतला पाहिजे. कोणत्या परिस्थितीत चिकटवले, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष चिकटवले, हे अहवालात लिहिले पाहिजे. त्या अहवालाला शपथपत्राची जोड नसेल, तर न्यायालयाने बेलीफाला शपथेवर तपासले पाहिजे.

१९७६ च्या दुरुस्तीने यात महत्त्वाचे बदल केले. केवळ त्या क्षणी माणूस घरी नाही, एवढे पुरेसे राहिले नाही. वाजवी काळात तो घरी भेटण्याची शक्यता नसली पाहिजे, ही अटही आली. ब्रेनन यांचा दुसऱ्या फेरीचा मुद्दा भारतीय संहितेत अशा रीतीने त्यांच्याआधी सहा वर्षे उतरला होता. याच दुरुस्तीने आणखी एक जुनी गोष्ट बदलली. संहितेच्या मूळ मजकुरानुसार प्रतिवादीऐवजी समन्स घरातील प्रौढ 'पुरुषा'च्या हातीच देता येत असे; आता स्त्री व पुरुष दोघेही त्यास पात्र ठरले.

१६/
बजावणी योग्य झाली नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याची सोय याच संहितेच्या नवव्या आदेशातील तेराव्या नियमात आहे. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर ती हुकूमनामा झाल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही. तो कळल्याच्या दिवसापासून मोजली जाते. लुइव्हिलच्या भाडेकरूंची मुदत त्यांना काही कळण्यापूर्वीच संपली होती, हे आठवले की या एका वाक्याचे महत्त्व ध्यानात येते.

त्याबरोबर १९७६ मध्ये दुसऱ्या बाजूचाही विचार झाला. प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळही होता, तर बजावणीतील निव्वळ अनियमिततेचे निमित्त करून हुकूमनामा रद्द होत नाही. कसोटी येथेही तीच : त्याला खरोखर कळले होते का?

१७/
१८७८ मध्ये न्यायालयांनी विचारले, सत्ता कोठवर पोहोचते. १९५० मध्ये विचारले, सूचना पोहोचेल असा मार्ग निवडला का. १९८२ मध्ये तोच प्रश्न गरीब वस्तीतल्या एका दारापर्यंत आला आणि त्याबरोबर एक गोष्ट मान्य झाली : कायद्याने गृहीत धरलेला घरमालक दिवसभर दाराशी बसलेला असतो, खरा भाडेकरू कामावर गेलेला असतो.

कागद लावला गेला याची नोंद दप्तरात नेहमीच राहते. तो वाचला गेला नाही याची नोंद कोणी ठेवत नाही. ती नोंद न्यायालयाच्या कागदपत्रांत आणण्यासाठी तिघांना सात वर्षे लढावे लागले.

(समाप्त)